माझ्या हातचं ती खात नाही

तासगावकडच्या एका ताईंचं पाच पानी पत्र आलंय. नाव-गाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. पत्राचा गाभा त्यांच्याच शब्दांत:

"बाई, माझ्या नणंदेची मुलगी, वय ७, दुसरीत आहे. ती दीड वर्षाची असताना नणंद वारली. वडील दारूत. आधी वडलांच्या आईनं सांभाळली, तर त्या आज्जीला लकवा मारला. मग चुलत्यानं नेली. त्याचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान. तिथं आठ-नऊ महिने राहिली, मग परत आणून बालगृहात ठेवली. दोन वर्षांनी आम्ही घरी आणली, त्याला ११ महिने झाले. माझ्या दोन पोरांपेक्षा तिला जास्त जपते. पण ती माझ्या हातचं खात नाही. ताट ठेवून मी आत गेले की खाते. गादीखाली भाकरीचे तुकडे सापडतात, मुंग्या लागतात. परवा अंगणात पडली, गुडघा फुटला, तरी रडली नाही. मी जवळ गेले तर लांब सरकली. आणि हीच पोरगी एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईचा हात धरून गाडीत चढायला निघाली! शाळेत बाईंच्या गळ्यात पडते, पाच मिनिटांनी शेजारणीला चावते, पेन्सिली उचलते. बाई म्हणतात, घरी लक्ष द्या. सासूबाई म्हणतात, खाल्ल्या घरचे वासे मोजते. ह्यांचं म्हणणं, हॉस्टेलचा फॉर्म आणू. माझं काय चुकतंय? तिला माझा लळा का लागत नाही?"

ताई,

फॉर्म आणला असेल तर कपाटात ठेवा, भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचं पत्र वाचता वाचता मी कागदावर यादी करत गेले. आई, आज्जी, चुलती, बालगृहातल्या मावश्या आणि आता तुम्ही. सात वर्षांत पाच हात. त्यातही बालगृहातल्या मावश्या पाळीनं बदलतात, तेव्हा त्या एका नावाखाली किती जणी ते देवाला माहीत. कोइमतूरला तर तिला आजूबाजूची भाषाही कळत नसणार. आता तिच्या बाजूनं बघा. तिच्या अनुभवात माणूस ही येऊन जाणारी गोष्ट आहे, एसटीसारखी. जी गाडी आली तिच्यात चढायचं, जागा मिळाली तर बसायचं, पण सामान खाली काढून ठेवायचं नाही.

लळा लागतो कसा, हे आपण कधी नीट बघत नाही, कारण बहुतेक घरांत तो आपोआप लागतो. बाळ रडतं, कुणीतरी उचलतं. पुन्हा रडतं, तेच माणूस पुन्हा उचलतं. असं हजारो वेळा झालं की सात-आठ महिन्यांचं बाळ माणूस धरायला लागतं, परक्याकडे गेलं की ओठ काढतं. आपण म्हणतो, "आता ओळखायला लागलं हो!" दुखलं-खुपलं की कुणाकडे धाव घ्यायची, ते तेव्हा ठरतं. तुमच्या भाचीचं हे ठरलं असेलही, आईशी. मग आई गेली. पुन्हा आज्जीशी ठरू लागलं, आज्जी अंथरुणाला खिळली. तिसऱ्या वेळी मूल ठरवायचंच बंद करतं. भूक लागली तर स्वतः साठवावं, लागलं तर स्वतः गिळावं, हे ती शिकलीय. गादीखालची भाकरी ही तिची बचत आहे.

जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला, की लहान मुलाला अन्न-वस्त्र मिळून भागत नाही, एका माणसाशी उबदार आणि न तुटणारं नातं लागतं. त्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे पटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची अनाथालयं मुलांना दूध वेळेवर देत होती, आणि मुलं तरी सुकत होती. बोल्बीला स्वतःला ज्या दाईनं वाढवलं ती तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास काम सोडून गेली होती, आणि ते दुःख आई गेल्यासारखं होतं असं तो पुढे सांगत असे. घर श्रीमंताचं, आई-वडील दोघंही हयात, तरीसुद्धा.

लळा लागण्यातल्या अशा बिघाडाला डॉक्टरी भाषेत अटॅचमेंट डिसऑर्डर म्हणतात. त्याचे दोन प्रकार मानतात. एकात मूल मिटून जातं, दुखलं तरी कुणाकडे जात नाही, कुणी जवळ घेतलं तरी निवत नाही. दुसऱ्यात मुलाला आपलं-परकं उरत नाही, कुणाच्याही गळ्यात पडतं, कुणाबरोबरही चालू लागतं. तुमच्या पत्रात गुडघा आहे आणि एसटी स्टँडही आहे, म्हणजे दोन्हींच्या खुणा दिसतात. पण पत्रावरून मी निदान करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. ऐकू कमी येणं, स्वमग्नता, बुद्धीची वाढ कमी असणं, मार खाल्लेला असणं, किंवा आई गेल्याचं साचून राहिलेलं दुःख, यांतही काही खुणा अशाच दिसतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे एकदा दाखवा. जाताना ती कुठे किती दिवस राहिली याचा कागद लिहून न्या, डॉक्टरांना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. कान तपासून घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, त्यांनाही सांगून ठेवा. घरून फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मात्र या विकारावर स्वतंत्र अशी गोळी नाही. कुणी पहिल्याच भेटीत हातभर औषधं लिहून दिली तर "ही नेमकी कशासाठी?" असं विचारायला लाजू नका.

गोळी नाही तर मग उपाय काय? रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० साली एक अभ्यास सुरू झाला. अनाथालयातली १३६ लहान मुलं, सगळी अडीच-पावणेतीन वर्षांच्या आतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून निम्म्या मुलांसाठी सांभाळणारी कुटुंबं शोधली, बाकीची सुरुवातीला होती तिथेच राहिली. पुढे बरीच वर्षं या मुलांकडे लक्ष ठेवलं. घरात गेलेल्या मुलांचं मिटून जाणं बरंच ओसरलं. कुणाच्याही मागे जाण्याची सवय मात्र चिवट निघाली, चांगल्या घरातही ती पुष्कळ दिवस रेंगाळली. मूल जितक्या लवकर घरात गेलं, तितकं बरं झालं. तुमची भाची सहाव्या वर्षी आली, म्हणजे उशिरा. म्हणून ११ महिन्यांचा हिशेब मांडू नका. आणि स्टँडवर तिनं दुसऱ्या बाईचा हात धरला, यात तुमचा अपमान झाला असंही समजू नका.

आता तुमचा प्रश्न, माझं काय चुकतंय. चुकत म्हणाल तर एकच दिसतं, ते वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंय: "माझ्या पोरांपेक्षा जास्त जपते." ताई, जास्त नको. त्या जास्तीची तिला भीती वाटते, आणि तुमच्या दोन पोरांच्या मनात अढी बसते ती वेगळीच. तिला हवंय ते नेमाचं. तीच वेळ, तेच ताट, तीच जागा, तेच वाक्य. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं तेच ते. आज लाडू आणि उद्या रुसवा यापेक्षा रोजची साधी भाकरी-आमटी तिला जास्त काही सांगून जाते.

हातचं खात नाही ना? मग भरवायला जाऊ नका. ताट ठेवा, आत न जाता चार हातांवर बसा आणि तांदूळ निवडा, शेंगा फोडा. तिच्याकडे बघायचं नाही. आठवड्याभरानं दोन हात पुढे सरका. हसू येईल वाचून, पण बुजलेलं वासरू आपण असंच माणसाळवतो की नाही? भाकरीवरून रागावू नका, झडती घेऊ नका. तिच्या नावाचा एक डबा द्या, झाकणाचा, म्हणजे मुंग्यांचाही प्रश्न मिटला. त्यात शेंगदाणे-गूळ, भडंग, जे असेल ते. डबा तिचा, केव्हाही उघडायचा, आणि रोज रात्री तुम्ही तिच्या डोळ्यांदेखत भरायचा. रिकामा झाला म्हणून एक शब्द बोलायचा नाही. शिक्षा म्हणून तो डबा कधीही काढून घ्यायचा नाही, अगदी तिनं तुमची चांगली बरणी फोडली तरी. काही महिने ती अधाशासारखी साठवेल. मग एके दिवशी डबा भरलेलाच राहील.

गुडघ्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुन्हा पडली आणि रडली नाही, तर "शूर गं माझी बाय" म्हणू नका. नेमकं तेच तिला विसरायचंय. जवळ जा, तिच्यापेक्षा खाली बसा, म्हणा, "लागलं गं. दुखत असणार. धुवू या." पाणी-साबण, मग तुमच्या पद्धतीनं हळद. लांब सरकली तर पाण्याचा तांब्या आणि फडकं तिच्याजवळ ठेवून तिथेच बसा. पुढच्या खरचटण्याला पुन्हा तेच. खरचटलं नसलं, नुसती ठेच लागली, तरी तेच. बाळपणी हजारो वेळा व्हायला हवं होतं ते आता शेकड्यांनी भरून काढायचंय, त्याला दुसरी वाट नाही.

वेणी घालू देते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. देत असेल तर सोन्याहून पिवळं. पाठ तुमच्याकडे, डोळ्याला डोळा नाही, आणि तरी रोज दहा मिनिटं तुमचा हात तिच्या डोक्यावर. बुजऱ्या मुलाला जवळ घ्यायची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही. हे काम जाऊबाईंकडे किंवा मोठ्या लेकीकडे देऊ नका. पुढचे सहा-आठ महिने खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, दुखलंखुपलं बघणं आणि झोपवणं तुमच्याच हातात असू द्या. मामांनी, आज्जीनं खेळावं, फिरवावं, गोष्टी सांगाव्यात. यात्रेला, लग्नाकार्याला पंचवीस बाया "आईविना पोर गं" म्हणत तिला कवटाळतील, डोळे पुसतील. त्यांना दारातच थोपवा. वाईट दिसलं तर दिसू दे.

स्टँडसाठी मात्र कडक नियम हवा. हाताची बोटं मोजून चार माणसं शिकवा: मामा, मामी, आज्जी, बाई. पाचव्या कुणाबरोबरही जायचं झालं तर या चारांतल्या एकाला विचारायचं. "अनोळखी" हा शब्द तिला उपयोगाचा नाही, कारण तिच्या लेखी सगळेच ओळखीचे, किंवा कुणीच नाही. गर्दीत हात सोडू नका, सात वर्षांची झाली म्हणून गाफील राहू नका.

खोटं बोलणं, उचलेगिरी यांची उलटतपासणी करू नका. बरणी कुणी फोडली हे दिसत असताना "कुणी फोडली?" असं विचारणं म्हणजे खोटं बोलायचं आमंत्रण. "बरणी फुटली. चप्पल घाल, काचा गोळा करू." एवढं बास. पेन्सिल दुसऱ्याची निघाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही बरोबर जाऊन परत द्यायची, भाषण न करता. आणि एक वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा: "असं केलंस तर परत तिकडं पाठवीन." सासूबाईंना सांगणं अवघड आहे हे मी जाणते. त्यांना वाश्यांबद्दल एवढंच सांगा, की वासे मोजायला आधी घर आपलं वाटावं लागतं. तिला अजून ते वाटत नाही.

मोबाइलवर कुणी भलते इलाज दाखवेल. मुलाला घट्ट आवळून धरा, राग बाहेर काढा, पुन्हा जन्म झाल्यासारखं करा, वगैरे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००० साली अशाच "पुनर्जन्म" उपचारात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली. तिथेही लोकांना वाटत होतं की हे मुलीच्या भल्यासाठीच चाललंय. आपल्याकडचे अंगारेवाले, "एकदा चांगली भीती घाला" म्हणणारे त्याच माळेचे मणी. दाराबाहेर ठेवा.

ताई, इथून पुढचं शाळेतल्या बाईंना वाचायला द्या.

बाई, मीही तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेय, म्हणून मोकळेपणानं लिहिते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, आई-बाप ऊसतोडीला, तो दर साली वेगळ्या नातेवाइकाकडे. कुणी जवळ बसलं की ढकलायचा. एकदा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तास संपल्यावर पाहिलं तर जागेवर नाही. दुपारी सापडला, स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बाकावर, कुणा ड्रायव्हरनं घेऊन दिलेली भजी खात. "तुम्हीच जा म्हणाला की," म्हणाला. मी "बाहेर जा" म्हणाले होते. त्यानं फक्त "जा" ऐकलं. इतर मुलांना बाहेर उभं केलं की चुटपुट लागते, कारण आत त्यांचं कुणीतरी असतं. असल्या मुलांना ते जुनंच असतं, पुन्हा एकदा काढून टाकलं, इतकंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं हे आपण प्रशिक्षणात ऐकलंय. मला ते त्या भज्यांच्या प्लेटीपाशी कळलं.

ती चावली, तर तिला तुमच्या टेबलाजवळ बसवा. "इथं बस, माझ्याजवळ, जरा शांत होईपर्यंत." चावलेल्या मुलीकडे आधी बघा, हे ओघानं आलंच, तिच्याही आईला उत्तर द्यायचंय. ती गळ्यात पडते तेव्हा झिडकारू नका आणि कुरवाळतही बसू नका. हात हातात घ्या, नावानं हाक मारा, जागेवर पोचवा. रोज वर्गात येताना एक ठरलेला नमस्कार असू द्या, फक्त तिच्याशी, डस्टर तिच्या हातात देणं असं काहीतरी. सांगितलेलं काम रोज तेच असावं. शनिवारी सुटताना खडूचा डबा तिच्याकडे द्या, "सोमवारी आण, मला लागणार आहे" म्हणा. म्हणजे सोमवारी तुम्ही असणार, हे तिला तोंडानं न सांगता कळतं.

रजा घेणार असाल तर आदल्या दिवशी तिला सांगा, तुमच्या जागी कोण येणार तेही सांगा. सहामाही परीक्षा, सहल, गॅदरिंग, वेळापत्रक बदललं की ती बिथरेल. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा सर्वांत वाईट जाईल, कारण निरोपाची तिला सवय आहे आणि परत भेटण्याची नाही. अशा वेळी ती मुद्दाम भांडून घेते. आपणच तोडलेलं बरं, असा तो हिशेब असतो.

खिचडी वाटताना तिला वाढायला उभं करू नका अजून, तिचा स्वतःचा वाटा आधी तिच्या ताटलीत पडू द्या. दुसऱ्यांदा मागितलं तर वाढा.

"माझी आई" हा निबंध कृपा करून सगळ्या वर्गाचाच बदला. "माझ्या घरातलं माझं माणूस" असा विषय द्या, कुणाचं काही बिघडत नाही. वर्गात आणखी एक-दोन मुलं अशी असतीलच, ती हात वर करत नाहीत इतकंच.

आणि "घरी लक्ष द्या" हे वाक्य आता पुरे. मामींनी घरी किती लक्ष दिलंय ते या पाच पानांत आहे. अशी मुलं बाहेरच्यांशी गोड वागतात आणि सांभाळणारीशी तिरकी, त्यामुळे सगळ्या गावाला वाटतं, मामीच छळत असणार. दर शनिवारी पाच मिनिटं दोघी बोला. एका वहीत दोन ओळी, शाळेच्या आणि घरच्या. वही मुलीच्या हाती देऊ नका, तक्रारवही झाली की ती विहिरीत जाईल. बाई, तुमची बदली येत्या उन्हाळ्यात व्हायची असेल तर मामींना आत्ताच सांगा, आणि पुढच्या बाई किंवा गुरुजींना हा कागद द्या. जमलं तर जायच्या आधी एकदा तिघांनी एकत्र बसा, म्हणजे तिला तुम्ही गायब झालात असं न वाटता कुणाच्या तरी हाती दिलंत असं वाटेल.

ताई, दोन कोरडी कामं. भाची बालगृहातून आली तेव्हा बाल कल्याण समितीचा आदेश मिळाला असेल, तो सांभाळून ठेवा. नसेल तर सांगलीतल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, उद्या वडील दारात उभे राहिले तर तोच कागद कामी येईल. तिथेच बालसंगोपन योजनेचाही अर्ज मिळतो, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी दरमहा मदत असते. उपकार वगैरे काही नाही, तिच्या हक्काचे पैसे आहेत.

आणि तुमचं स्वतःचं. पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहून खोडलंय, पण शाईतून दिसतं: "कधी कधी ती नकोशी वाटते." खोडायची गरज नव्हती. ११ महिने रोज नकार पचवणाऱ्या कुणालाही ते वाटेल. त्या दिवशी तिला वाढा, वेणी घाला, डबा भरा आणि बाकीचं सोडून द्या. माया वाटत नसलेल्या दिवशीही ताट ठरल्या वेळी पुढ्यात येतं, हे तिनं आजवर कुठे पाहिलंय? आठवड्यातून एक संध्याकाळ मामांनी तिन्ही पोरं घेऊन शेतावर जावं, तुम्ही तेवढा वेळ झोपा काढा नाहीतर बहिणीशी फोनवर भांडा. हॉस्टेलचा फॉर्म आणायला त्यांना वेळ होता, तर याला आहेच.

एके दिवशी ती तुमच्यावरच जोरात ओरडेल, किंवा बारीकशा खरचटण्यावर भोकाड पसरेल, सात वर्षांची घोडी तान्ह्या बाळासारखी. सासूबाई म्हणतील, "बघ, बिघडली!" तुम्ही तेव्हा मला दोन ओळी टाका. बाईंनाही त्यात एक ओळ लिहायला सांगा.